वाडा घ्यावा की रान?

वाचकहो, आमचे थोरले बंधू गेल्या वर्षी मे महिन्यात निवृत्त झाले. आम्ही भावंडांतले शेंडेफळ. दादा आमच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. छत्तीस वर्षे त्यांनी पाणी खात्यात चावीवाल्याची नोकरी केली. पहाटे साडेतीनला उठून, लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते अख्ख्या वॉर्डाला पाणी सोडत आणि घरी परतत तोवर आमच्या चाळीतले पाणी गेलेले असे. फंड, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे असे मिळून २६ लाख रुपये त्यांच्या खात्यावर जमा झाले. आमच्या घराण्यात एवढी रक्कम एका ठिकाणी कोणी पाहिली नव्हती. चाळीत पेढे वाटून झाल्यावर रात्री त्यांनी आम्हाला जिन्यात बोलावले आणि हळूच म्हणाले, "गावाकडं मळ्यातला वाडा विकायला निघालाय. रानासकट. मी घ्यायचं म्हणतोय. तू बीकॉम झालायस, जरा हिशेब मांडून दे."

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. दुष्काळी मुलूख. गावाबाहेर ओढ्यापलीकडे हा वाडा उभा आहे. मालकांचा राहता वाडा गावात. हा शेतीच्या कामासाठी बांधलेला. दगडी जोते, पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात रुंद भिंती, वर माळवद, सागवानी खांब, पुढे सोपा, मागे बैलांचा गोठा आणि धान्याचे पेव. चौकटीवर शके १८२१ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १८९९ च्या सुमाराचे काम. सुगीच्या दिवसांत मालक तिथे मुक्कामाला येत. आता त्यांची मुले-नातवंडे पुण्याला आणि परदेशात असतात, आणि वाड्यात वटवाघळे.

आमच्या आजीला हा वाडा आतून माहीत नव्हता. जोत्याला चार पायऱ्या आहेत. सुगी झाली की बलुते घ्यायला ती पायऱ्यांखाली उभी राही आणि वरून सूप तिच्या पदरात रिते होई. दादांनी लहानपणी हे तिच्या तोंडून ऐकलेले. दुसऱ्या गावात याहून चांगले, बारमाही पाण्याचे रान कोणी दाखवले असते तर दादांनी वळूनही पाहिले नसते. त्यांना हवा होता तो हाच वाडा. भोवतीची जमीन धरून ३ एकर १० गुंठे, आणि मागणी २८ लाख.

रविवारी विहारात ही गोष्ट निघाली तेव्हा आमच्या एका जुन्या कार्यकर्त्या मित्राने आम्हाला चांगलेच फैलावर घेतले. "बाबासाहेबांनी खेडी सोडायला सांगितली आणि तुम्ही निवृत्तीचा पैसा त्याच खेड्यात नेऊन पुरणार?" मित्राचे म्हणणे खोटे नाही. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याची जी चिरफाड केली ती आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण खेडे नाकारणे वेगळे आणि जमीन नाकारणे वेगळे. खोती बंद करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ मध्ये केला, पुन्हा १९६४ मध्ये केला. हजारो माणसे, कडेवर मुले घेतलेल्या बायासुद्धा, तुरुंगात गेल्या त्या जमिनीसाठीच.

आम्हाला मात्र त्या वेळी बाबासाहेबांचा दुसराच लेख आठवला. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींविषयी इंग्रजीत एक निबंध लिहिला होता. त्यातला मुद्दा कारकुनालाही कळावा असा आहे. तुकडा लहान आहे की मोठा, एवढ्यावरून शेती परवडते की नाही हे ठरत नाही. त्या तुकड्यावर लावायला भांडवल किती, अवजारे किती, आणि त्यावर जगणारी माणसे किती, यावर ते ठरते. म्हणून जास्तीची माणसे उद्योगधंद्यांत नेली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. दादांच्या बाबतीत गंमत अशी की ते आधीच छत्तीस वर्षे शहरात राबून आलेले. पोटाला पेन्शन आहे. मुलगा-मुलगी आपापल्या नोकरीत. म्हणजे या रानावर कोणाचे पोट टांगलेले नाही. हे नसते तर आम्ही पहिल्या रात्रीच जिन्यात 'नाही' म्हटले असते.

तरी हिशेब मांडलाच. २८ लाख तर होतेच कुठे? १७ लाख धरले आणि बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,१९,००० रुपये घरबसल्या येतात. दोन-अडीच एकर कोरडवाहू रान, त्यात ज्वारी, हरभरा, थोडी बाजरी. घरच्या खाण्याचे दाणे, कडबा, दोन शेळ्या. रोखीत मोजले तर रान ठेवीपुढे उभे राहत नाही. आम्ही तो कागद दादांपुढे ठेवला. त्यांनी घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "ठेवीत उभं राहून बघता येतं का?" पुढे बोलणे खुंटले.

वहिनींचा प्रश्न त्याहून रोखठोक होता. त्या म्हणाल्या, "एवढा मोठा वाडा झाडणार कोण? सारवणार कोण? माझे गुडघे तर डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलेत. सगळे पुरुष वाडा वाडा करताय, पाणी किती लांबून आणायचं ते कोणी बघितलंय का?" कोणी बघितले नव्हते. विहीर वाड्यापासून दीडशे पावलांवर आहे आणि तिच्यात निम्मा हिस्सा शेजाऱ्याचा.

आता कागदपत्रांकडे वळू. इथे थोडे सावकाश वाचावे ही विनंती, कारण आपल्या वस्तीतली पुष्कळ माणसे याच ठिकाणी फसतात.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याचे कलम ६३ तसे सांगते. शेतकरी नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मग दादा शेतकरी कसे? तर गावात आमच्या भावकीच्या नावे ३५ गुंठे जमीन आहे आणि तिच्या सातबाऱ्यावर १९ नावांत दादांचेही नाव आहे. ही जमीन महार वतनाची. आमच्या पूर्वजांनी गावाचा सांगावा धाडायचा, सरकारी खजिना डोक्यावर वाहायचा, मेलेले ढोर ओढायचे, रात्री-अपरात्री हाक आली की धावायचे, आणि त्याबदली हा तुकडा कसायचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच वतनाच्या बेडीविरुद्ध. बेडी कायद्याने तुटली ती ते गेल्यावर, १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायद्याने. त्या कायद्यान्वये वतनदाराला जमीन परत मिळाली, पण शर्तीवर: जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही, वाटून घेता येत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'भोगवटादार वर्ग २' म्हणतात. जिला अशी शर्त नाही ती वर्ग १.

तर त्या ३५ गुंठ्यांच्या बळावर दादा कायद्याने शेतकरी ठरले. आजोबांनी ज्या जमिनीला 'गळ्यातलं लोढणं' म्हटले तिनेच नातवाला वाड्याच्या दारापर्यंत आणले.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. आम्ही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत काढला. मालकांच्या जमिनीचे दोन गट निघाले. मोठा गट ९२ गुंठ्यांचा. वाडा आणि विहीर याच गटात. दुसरा ३८ गुंठ्यांचा, ओढ्याच्या कडेचा, आणि वाड्याकडे जाणारी गाडीवाट याच गटातून जाते. (सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, एवढे लक्षात ठेवले की पुरे.) दोन्ही गट वर्ग १. एजंट म्हणाला, "बघा, एकदम क्लिअर. दोन लाख टोकन द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." दुसरे गिऱ्हाईक नेहमी उद्याच येत असते.

पण मोठ्या गटाच्या सातबाऱ्यावरच एक गोष्ट खटकली. विकायला निघालेले दोन भाऊ, आणि मालकीच्या रकान्यात नावे चार. दोन आत्यांची नावे वारसाने लागलेली होती. एक बार्शीला, एक बंगळूरला. "त्यांचं काही नाही हो, त्या आमच्या शब्दाबाहेर नाहीत," असे सांगण्यात आले. शब्दावर खरेदीखत होत नसते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू असल्यामुळे आपल्या घरांतही तोच नियम आहे. आम्ही आत्यांच्या सह्या मागितल्या. (हे लिहिताना आमच्या वतनाच्या १९ नावांत आमच्या दोन्ही बहिणींची नावे अजून लागलेली नाहीत, हेही सांगून टाकतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बोट ठेवताना ते आम्हाला दिसले. अर्ज आता दिला आहे.)

ओळखीच्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध घ्यावा असे सांगितले. आम्ही कारकून माणूस, आयुष्य फायलींत गेलेले. आम्ही आणखी मागे गेलो. दोन दिवस रजा टाकून तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलो. जमिनीचे एकत्रीकरण झाले तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून आधी जुना नंबर काढावा लागतो. एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून तो निघाला. मग गाव नमुना १-क मागितला, ज्यात शर्तीच्या जमिनींची यादी असते. आणि त्या यादीत ओढ्याकाठचा तो ३८ गुंठ्यांचा तुकडा होता. महार वतन. फेरप्रदान आमच्याच भावकीतल्या एका आजोबांच्या नावे.

पान हातात धरून आम्ही बराच वेळ तसेच बसलो. शिपायाने दोनदा विचारले, "साहेब, झालं का?"

पुढचे फेरफार वाचले. १९७३ मध्ये मालकांच्या वडिलांचे नाव वहिवाटदार म्हणून लागले. खरेदीखत नाही, परवानगीचा हुकूम नाही. एकत्रीकरणात नवा गट पडला तेव्हा शर्तीचा शेरा कोणीतरी उतरवून घ्यायचा राहिला, आणि तेव्हापासून सातबारा वर्ग १ दाखवत आहे.

आईला विचारले. तिचे वय आता ब्याऐंशी. ती म्हणाली, "बहात्तरचा दुष्काळ. लाल मिलो खाऊन दिस काढलं. त्यांच्या घरात सात तोंडं. दोन पोती जोंधळ्यावर कागदावर अंगठा दिला आन् पोरंबाळं घेऊन इचलकरंजीला मागावर गेलं. पाऊसपाणी झालं की सोडवू म्हणालं हुतं. परत कोण आलंय?"

आम्ही मुंबईला येऊन दादांना सगळे सांगितले. आमची कल्पना अशी की ते थक्क होतील. ते चिडले. "म्हणजे तुला हा व्यवहार व्हायलाच नकोय," एवढे बोलून उठले. नंतर कळले, एजंटाला दोन लाखांचा चेक देण्याचे त्यांनी आम्हाला न सांगता कबूल केले होते. महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. समोरासमोर आले की वहिनींकडून निरोप. एका भिंतीआड राहणाऱ्या माणसांना हे किती अवघड जाते ते चाळकऱ्यांना सांगायला नको.

त्या महिन्यात त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वहिनींमार्फत सांगितली. परवानगीशिवाय हस्तांतर झालेली वतनाची जमीन आपण पैसे मोजून घेतली तरी आपली होत नाही. शर्तभंग म्हणून ती सरकारजमा होऊ शकते. तक्रार करणारा आज कोणी नसेल, उद्या उभा राहील. आणि ती तक्रार करणारा आपलाच भाऊबंद असेल. शेवटची गोष्ट दादांना लागली असावी. एका रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "इचलकरंजीला कधी जायचं?"

त्या आजोबांचा नातू यंत्रमागावर काम करतो. पत्र्याच्या दोन खोल्या, मागांचा खडखडाट इतका की बोलताना कानाशी तोंड न्यावे लागते. त्याला गावात आपली जमीन होती एवढेच ऐकून माहीत होते. कुठे, किती, काही नाही. नक्कल त्याच्या हातात दिली तेव्हा त्याने ती उलटी धरली, मग सुलटी केली, आणि आजोबांचे नाव दिसल्यावर बायकोला हाक मारली. दादांनी त्याला तिथल्या तिथे सांगितले, "हा तुकडा मी घेत नाही. तुझा आहे, तू अर्ज कर." आम्ही अर्ज लिहून दिला. शर्तीचा शेरा पुन्हा सातबाऱ्यावर घ्यावा आणि मूळ वतनदाराच्या वारसांची नोंद करावी, असा तो आहे. प्रांत कार्यालयात दाखल झाला आहे. अशा प्रकरणांना किती वर्षे लागतात ते सर्वांना माहीत आहे, आणि निकाल वारसांच्या बाजूनेच लागेल असे आम्ही त्याला खोटे आश्वासन दिले नाही.

मालकांचा पुण्यातला नातू, खरे सांगायचे तर, सरळ माणूस निघाला. कागद पाहून म्हणाला, "आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही. आजोबांनी केलं ते केलं, मी त्यावर पैसे घेणार नाही." एजंट मात्र त्या दिवसापासून आमचा फोन उचलत नाही.

उरला ९२ गुंठ्यांचा गट, म्हणजे २ एकर १२ गुंठे, वाडा आणि अर्धी विहीर. पण वाट? गाडीवाट त्या ३८ गुंठ्यांतून. वाटेविना रान घेणे म्हणजे तळमजल्याला दार नसलेले घर घेणे. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात, पण ते एक प्रकरणच असते. मोजणी आणली तेव्हा मोजणीदाराने गाव नकाशा पसरला आणि उत्तरेकडे एक पाणंद दाखवली. नकाशात होती, जागेवर वेड्या बाभळींचे रान माजले होते आणि दोन शेतकऱ्यांनी बांध सरकवून निम्मी गिळली होती. त्यांच्याशी बोलणी करायला दादा चार वेळा गावी गेले. पहिल्या दोन वेळा त्यांना ओसरीवर बसवून चहा कपात दिला, पण बोलणे उडवून लावले. तिसऱ्या वेळी सरपंचबाई बरोबर आल्या आणि मोजणीच्या खुणा दाखवल्या. चौथ्या वेळी जेसीबी आला. इचलकरंजीचा नातूही म्हणाला होता, "रस्ता द्यायला आमची ना नाही, पण आधी कागदावर आमचं नाव येऊ द्या." त्याचे बरोबर होते, म्हणून आम्ही त्याच्या तुकड्यावर अवलंबून राहिलो नाही.

किंमत १७ लाख ठरली. मुद्रांक, नोंदणी, वकील आणि मोजणी मिळून सव्वा लाख. चारही वारसांनी सह्या केल्या, बंगळूरच्या आत्यांनी कुलमुखत्यारपत्र न पाठवता स्वतः येऊन सही केली आणि दादांना म्हणाल्या, "विहिरीकाठचा जांभूळ तोडू नका." या वर्षीच्या जानेवारीत खरेदीखत झाले, दादा आणि वहिनी दोघांच्या नावे.

आता वाड्याविषयी, कारण जुने घर म्हटले की आपण खांबांवरच्या नक्षीला भुलतो. गावच्या जुन्या गवंड्याला आणि सातारच्या एका इंजिनियरला दोघांनाही वर चढवले. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर देतात. सव्वाशे वर्षांचे थर साचून छताचे ओझे हातभर झाले होते आणि खालच्या तुळयांची टोके भिंतीत वाळवीने खाल्लेली. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती पुष्कळशी अशाच जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. आमच्या चाळीतून तेव्हा कपड्यांचे गठ्ठे आणि धान्य गेले होते. शाळकरी वयात गठ्ठे बांधायला आम्हीही होतो. म्हणून या बाबतीत आम्ही दादांचे काही ऐकले नाही. मागची बाजू पूर्ण उतरवली. सोपा आणि त्यालगतच्या दोन खोल्या ठेवल्या, माती खाली काढली, चांगल्या निघालेल्या तुळया वापरून वर हलके पत्र्याचे छप्पर केले. कोपऱ्यांतून भिंती आडव्या पट्ट्यांनी बांधून घेतल्या. दादांना बाहेरून सिमेंटचा गिलावा हवा होता, शहरासारखा. गवंड्याने हात जोडले. मातीच्या भिंतीला सिमेंट लावले की ओल आत कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुना आणि मातीचाच गिलावा केला. खर्च सव्वातीन लाख. वहिनींच्या अटीप्रमाणे विहिरीवरून पाइप टाकून स्वयंपाकघरात नळ आला, आणि उरलेले साडेचार लाख त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवीत टाकले. त्याला हात लावायचा नाही, हे दादांकडून लिहून घेतले आहे. कागद आमच्या कपाटात आहे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, ज्यांच्या हाती २६ लाख नाहीत त्यांनी काय करावे? भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांतील दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन, विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान आहे. अडचण अशी की विकायला तयार असलेली चांगली जमीन त्या भावात सापडत नाही. तरी समाजकल्याण कार्यालयात अर्ज करून ठेवावा. आणि चार-सहा जणांनी मिळून एकर घ्यायचा, मग गुंठे वाटून घ्यायचे, असला प्रकार कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. २०२३ च्या अधिसूचनेने शेतीसाठी जिरायतीचे २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे ही किमान मर्यादा घातली. त्याखालचा तुकडा खरेदी केला तर सातबाऱ्यावर नाव चढता चढत नाही.

मार्चमध्ये आईला वाडा दाखवायला नेले. पायऱ्या चार, त्यातली एक ढासळलेली, म्हणून दादांनी तिला धरून वर आणले. सोप्यात खुर्ची टाकली होती. ती बसली नाही. भिंत चाचपून पाहिली, वर पत्र्याकडे पाहिले आणि म्हणाली, "उन्हाळ्यात तापंल की हे." मग परसात गेली आणि वहिनींना शेवग्याचे फाटे कुठे लावायचे ते दाखवत बसली. पत्रा तापतो हे खरे आहे. त्यावर उसाचे पाचट टाकायचे ठरले आहे.

दादा आता महिन्यातून वीस दिवस तिकडेच असतात. येत्या मृगात बाजरी पेरायची की मूग, यावर त्यांचे आणि वहिनींचे अजून एकमत झालेले नाही.